दौलत, तो पस्तीसचा आकडा माझा

दौलत, परवाच्या रविवारी तुझ्या शोकसभेला आलो आणि मांडवात जाऊन बसण्याआधी विजेच्या पेटीचं, म्हणजे पिलरचं, दार उघडून वाडीचा लोड मोजला. शोकसभेला आलेल्या माणसानं असं करू नये, हे मला कळतं. पण खोटं कशाला बोलू, बॅग खांद्यावर होती आणि पिलर रस्त्यातच लागतो. सकाळचे नऊ वाजले होते. बाविसाच्या बावीस घरांची दारं उघडी होती, घराघरातून हीटरवरच्या आंघोळीच्या पाण्याच्या वाफा येत होत्या, विहिरीवरचा पंप चालू होता. मी केबलला मीटरचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि दार लोटून तसाच थोडा वेळ उभा राहिलो. ‘भाऊ, किती?’ असं मागून कुणीतरी विचारेल असं वाटत होतं. पंचवीस वर्षं तो प्रश्न तूच विचारलास, दुसरं कोण विचारणार?

आकडा तुला सांगतो. पण आधी जे तीन वर्षं सांगायचं राहिलं ते सांगू दे. तुझ्यासमोर बसून सांगता आलं असतं. तुझ्या पडवीतल्या बाकावर आपण किती वेळा बसलो त्याला गणती नाही, आणि प्रत्येक वेळी मी आंब्याचं, बोर्डाच्या साहेबांचं, नाहीतर माझ्या गुडघ्याचं बोलत राहिलो.

मी रत्नागिरीतला परवानाधारक ठेकेदार, डिप्लोमावाला, पुस्तकवाला. तू नववी पास वायरमन. कागदावर मी सही करायचो आणि खांबावर तू चढायचास. तू मला ‘भाऊ’ म्हणायचास आणि अहोजाहो करायचास. मी तुला पहिल्या दिवसापासून ‘दौलत’ आणि ‘तू’ म्हणालो. तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतास, हे मला तुझ्या लेकीनं, प्रज्ञानं, छापलेल्या शोकपत्रिकेवरून कळलं.

तुझी एक सवय मला फार चीड आणायची. मी लाइन तपासून ‘बंद आहे’ असं सांगितलं, तरी तू स्वतःचा टेस्ट लॅम्प लावून बघायचास. एकदा मी भडकलो. म्हटलं, अरे, मी आत्ता बघितलं ना? तू वायर सोलता सोलता म्हणालास, ‘तुमी बगितलाव. मी नाय बगितलं.’ मग एकदा गुहागरच्या बाजूला एका बंगल्यावर मी बंद म्हटलेल्या वायरवर तुझा लॅम्प पेटला. शेजारच्या घरातल्या इन्व्हर्टरचा उलटा करंट येत होता. तू दिवा माझ्याकडे वळवलास आणि खिशातून तंबाखूची पुडी काढलीस. दुसऱ्या कुणी ती गोष्ट वर्षभर गावजेवणात वाढली असती. त्या दिवशी माझा हात त्या वायरवर जाणार होता, दौलत. त्याबद्दलही मी आभार मानले नाहीत. ‘बघून काम करत जा रे,’ असं वर तुलाच म्हणालो.

आता तुझ्या वाडीच्या कामाकडे येतो.

गावाच्या वर सड्यावरची तुमची बौद्धवाडी, बावीस घरं. खालच्या डीपीपासून वाडीपर्यंत तीनशे मीटर, आणि त्या तीनशे मीटरवर जुन्या तारा माडाच्या झावळ्यांत लोंबत होत्या. वाऱ्याची झुळूक आली की वाडी अंधारात. ग्रामपंचायतीतून जमिनीखालून केबल टाकायचं मंजूर झालं आणि काम आपल्याकडे आलं. स्वतःच्या वाडीचं काम मिळालं म्हणून तू दोन दिवस शिट्टी वाजवत होतास.

एका घराला किती वीज लागते हे काढणं सोपं आहे. बावीस घरांना मिळून किती लागते, यातच सगळी गोम असते. सगळी माणसं एकदम पंखा, मिक्सर, पंप लावत नाहीत. कुणी शेतात असतो, कुणी झोपलेला, कुणाचं घरच बंद. म्हणून बेरीज करायची आणि तिला पुस्तकातल्या आकड्यानं कमी करायचं. हे मी तुला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तू म्हणाला होतास, ‘म्हंजे पंगतीला शंभर पानं, पन भात साठांचाच.’ मी खूश झालो होतो. त्या दिवसापासून त्या आकड्याला आपल्या बोलण्यात ‘साठांचा भात’ हेच नाव पडलं.

पुस्तकावर विसंबून राहायला मी काही पुण्याहून आलेला साहेब नव्हतो. कोकणातली घरं वर्षभर बंद असतात आणि गणपतीला चाकरमानी आले की एकदम उघडतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मोजणीला मुद्दाम गणपतीतच आलो. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती, त्याचं विसर्जन करून दुसऱ्या दिवशी तुझ्या वाडीत हजर. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी. वहिनींनी जेवायला थांबवलं. तुमच्याकडे त्या दिवशी बांगड्याचं कालवण होतं. पण गणपतीच्या दिवसांत मी मासे खात नाही हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून माझ्यासाठी वेगळी काळ्या वाटाण्यांची उसळ रटरटत होती. मी दोनदा मागून घेतली.

बाविसांपैकी नऊ घरं उघडी होती. डीपीवर मोजलं तर सव्वीस अँपिअर. मी वहीत लिहिलं, त्यावर पुस्तकाप्रमाणे वाढ धरली, चाळीस आले. पस्तीसची केबल, म्हणजे पस्तीस चौरस मिलिमीटर जाडीची, आरामात पुरते. तुला वही दाखवली.

तू बराच वेळ वही बघितलीस. मग म्हणालास, ‘भाऊ, सत्तर टाका.’

‘सत्तर? दुप्पट? कशावरून?’

‘कुलपांवरून.’

मला वाटलं तू थट्टा करतोयस. तू म्हणालास, ‘तुमी उगडी घरां मोजलाव. वायच कुलपां पन मोजा. ऐंशीच्या खाली नाय येयाचा आकडा. येकदा मे म्हयन्यात येवन बगा.’

मे महिन्यात माझी आंब्याची शंभर कलमं असतात, काढणी असते, पेट्या असतात. मला कुठला वेळ! आणि तू, नववी पास माणूस, मला कोकणातला लोड शिकवणार? मी म्हणालो, आणि हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, ‘कोकणात सगळ्यांत जास्त लोड गणपतीत असतो, दौलत. हे मला तू शिकवू नकोस.’

  तू वही बंद करून माझ्या हातात दिलीस आणि चर खणायला माणसं कधी आणायची ते विचारलंस.

वीस-बावीस वर्षं, दौलत, तू दर गणपतीला आमच्या घरी येऊन मखराला माळा लावायचास. आई होती तोवर ती तुला मोदक बांधून द्यायची. आणि मला इतक्या वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही की तुझी वाडी कधी भरते, तुझी भावंडं मुंबईहून कधी येतात, तू आम्हाला माळा लावतोस त्या दिवसांत तुझ्या घरी कोण असतं. तुमची माणसं आपली रजा मे महिन्यासाठी राखून ठेवतात, वैशाखी पौर्णिमा आणि वाडीची जयंती एका आठवड्यात उरकतात, लग्नंही तेव्हाच लावतात. हे जिल्ह्यातल्या पोरासोरांना ठाऊक असतं. मला नव्हतं. दरवर्षी तुझं जयंतीचं आमंत्रण यायचं, मी आंब्याची पेटी पाठवून द्यायचो आणि आपण गेल्यासारखं समजायचो. याची मला आज लाज वाटते. केबल चुकली त्यापेक्षा जास्त याची वाटते.

केबल टाकली. पस्तीसचीच. जांभ्या दगडात चर खणताना पहारीची टोकं बोथट झाली. पिलरपाशी तू नेहमीसारखं केबलचं एक जादा वेटोळं मातीत सोडलंस. उद्या कुणाला जोड करायचा झाला तर केबल कमी पडू नये म्हणून. मी नेहमीसारखा कुरकुरलो.

पुढच्याच मे महिन्यात मी पहिल्यांदा तुमच्या जयंतीला आलो. तेही आपली केबल मिरवायला. संध्याकाळचे सात. वाडीच्या तोंडाशीच तू मला भेटलास आणि घराघरांवरून घेऊन गेलास. प्रत्येक दाराच्या कडीला उघडं कुलूप लटकत होतं. बावीस घरं, एकेका घरात दहा-बारा माणसं. बोरिवलीची, दिव्याची, कळव्याची पोरं उन्हानं हैराण झालेली, सगळे पंखे गरगरत होते, फ्रिजमध्ये बर्फ लागत होता, मिक्सरवर वाटण चाललं होतं, विहिरीवर पंप, आणि समाजमंदिरापुढे मांडव, दिवे, स्पीकर. मी चिमटा काढलाच नाही. दिवे बघूनच कळत होतं. ते आंब्यासारखे पिवळे पडत चालले होते.

मग पंख्यांची पाती मोजता येऊ लागली. पंप कण्हला आणि जळाला, त्याचा वास मांडवापर्यंत आला. तुझी प्रज्ञा नुकतीच खेडच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती आणि तिचं पहिलं भाषण होतं. ती उभी राहिली आणि माइक मेला. पोरगी घाबरली नाही. तिनं माइक बाजूला ठेवला आणि मोठ्या आवाजात बोलली. तू मांडवाच्या खांबाला धरून उभा होतास. तुझं तिच्या भाषणाकडे लक्ष नव्हतं, तू माझ्याकडे बघत होतास आणि मी चपला शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. पाणी नाही, दोन फ्रिज गेलेले, मुंबई मंडळाची माणसं तापलेली. अध्यक्षांनी विचारलं, ‘हा लोड काढला कुणी? या साहेबांनी की तू?’

मी उत्तर द्यायला उठत होतो. खरंच उठत होतो का? आजवर इतक्या वेळा तो क्षण आठवून बघितला, तरी माझे गुडघे हलले होते की नाही ते मला सांगता येत नाही. तू मात्र उभा राहिलास.

‘माजा हिशोब चुकला,’ तू म्हणालास. ‘भाऊनी इचारलानी व्हतं मला. मीच पस्तीस सांगतलं.’

 मग भिवातात्या, गिरणीतून रिटायर होऊन वाडीत राहिलेले तुमच्यातले एक म्हातारे, मागून म्हणाले, ‘दौलत, साळंत पन तुला पस्तीसच मार्क व्हते. काठावर पास!’ सगळे हसले आणि राग ओसरला. तूही हसलास. आणि त्या दिवसापासून तुझं नाव ‘पस्तीस’ पडलं.

मी स्कूटरवरून परतताना तू खालच्या डीपीपर्यंत मागे बसला होतास. मी विचारलं, ‘असं का केलंस?’ माझी अपेक्षा होती की तू काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालास, ‘लोक तुमाला बोलली असती. तुमी रागावून गेलाव असताव. मग सत्तर कोनी वडली असती?’

तू मला ओळखून होतास. मी खरंच रुसून बसलो असतो.

पावसाच्या आधी आपण सत्तरची केबल ओढली. मी ड्रम आणून उतरवला, तू बघितलंस आणि ‘आता येवजलं’, म्हणजे जमलं, एवढंच म्हणालास. काम करता करता मी तरीही वाद घातला, हे आठवतं का? मी म्हटलं, वर्षातल्या चार दिवसांसाठी एवढी जाड केबल गाडणं म्हणजे शहाणपण नव्हे. बाकीचे तीनशे एकसष्ट दिवस ती रिकामी पडून राहणार. तू चरात उभा होतास, कमरेपर्यंत. घाम पुसून म्हणालास, ‘भाऊ, घर तरी कशापायी ठेवलानी हाय? त्या चार दिसांपायीच ना?’

माझ्याकडे त्यावर उत्तर होतं. पुस्तकातलं होतं, बरोबरही होतं. उद्या सांगू म्हणून ठेवलं. नंतर अधूनमधून आपला तो वाद निघायचा आणि अर्धाच राहायचा. आज तुझ्याशिवाय तो वाद कुणाशी घालू? आणि आता तर ते उत्तर मलाही पटत नाही.

केबल बदलली, नाव मात्र बदललं नाही. ‘पस्तीस आले’, ‘पस्तीसांना बोलवा’, ‘पस्तीस, जरा फ्यूज बगा’. वाडीनं प्रेमानंच घेतलं ते, मला ठाऊक आहे. पण वाडीत नवा खांब आला, समाजमंदिराची वायरिंग निघाली, तेव्हा ते काम दुसऱ्या माणसाकडे गेलं. ‘पस्तीस’ला मोठा लोड झेपत नाही, असं कुणीतरी हसत हसत म्हणालं. तू मला ते हसत हसतच सांगितलंस. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. जिल्ह्यातला सगळ्यांत अचूक डोळा असलेला वायरमन स्वतःच्या वाडीत काठावर पास ठरला, आणि ज्याचा आकडा चुकला होता तो बाकावर बसून चहात पाव बुडवत होता.

मग या थंडीत एका दुपारी प्रज्ञाचा फोन आला. जेवून पडवीत बसला होतास, छातीत कळ आली, पाणी मागितलंस आणि गेलास. ती फोनवर नीट बोलली.

थंडीच्या दिवसांत तुमची वाडी कधी भरत नाही. ना जयंती, ना लग्न, ना कुणाला रजा. तरी शनिवारी संध्याकाळपासून गाड्या येत होत्या. रविवारी सकाळी मी आलो तेव्हा बाविसाच्या बावीस कड्यांना उघडी कुलपं लटकत होती. मी एकेक मोजली, दौलत. या वेळी कुलपंच मोजली. मग पिलरपाशी गेलो.

एक्याऐंशी.

आणि केबलच्या शेवटच्या टोकाला, तुझ्या घरात, तुझ्या फोटोशेजारचा दिवा पांढराशुभ्र जळत होता. जरासुद्धा थरथरत नव्हता.

मांडवात वंदना झाली, जलदान झालं, मग माणसं एकेक करून बोलायला उठली. भिवातात्या काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, ‘आमचे पस्तीस गेले.’  त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वहिनी खाली बघत होत्या आणि प्रज्ञानं ओठ आवळून धरले होते, ते मी बघितलं. या वेळी माझे गुडघे हलले याबद्दल मला शंका नाही. उठताना दोन्ही कटकन वाजले.

मी फार बोललो नाही. सांगितलं की पस्तीस मी काढले होते. दौलतरावांनी सत्तर सांगितले होते, आणि लोड ऐंशीच्या आसपास जाईल हेही सांगितलं होतं. मी त्यांना ‘शिकवू नकोस’ म्हणालो होतो. बैठकीत ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी त्यांना बोलू दिलं. आज सकाळी मोजलं, एक्याऐंशी आले. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही की तुमची वाडी केव्हा भरते, म्हणून माझं चुकलं. एवढं बोलून मी वहिनींपुढे हात जोडले. तुला ‘दौलतराव’ आणि ‘त्यांनी’ म्हणालो, तेही आयुष्यात पहिल्यांदा आणि तू ऐकायला नसताना.

 मला वाटलं, आता अध्यक्ष बोलतील, कुणीतरी चिडेल. चिडायला हवं होतं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि प्रज्ञाला हळूच काहीतरी सांगितलं. प्रज्ञा उठून पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडे आली. भिवातात्या अजून उभेच होते. 

‘मंग आता पस्तीस कुनाला म्हनायचं?’ त्यांनी विचारलं.

शाळेत मला कधी साठाच्या खाली मार्क पडले नव्हते, दौलत. मी म्हटलं, ‘मला म्हणा.’

आज सकाळी हे लिहायला बसलो होतो, एवढ्यात फोन वाजला. भिवातात्या होते. नमस्कार नाही, चौकशी नाही. ‘पस्तीस काय?’ म्हणाले. ‘आवो, पिलरचं दार तुमी रविवारी उगडं टाकून गेलाव. वाऱ्यान दोन दीस धडाधड वाजतंय. लावायला येताव काय?’

तू कधी दार उघडं टाकून गेला नसतास.

‘होय, पस्तीसच बोलतोय,’ मी म्हटलं. ‘निघालोच.’